साहेब हुंगतोय, थांबा

आमच्या गावात माझ्या सध्याच्या धंद्याला नाव नाही. पोलीस खात्यात होतो तेव्हा होतं. श्वान हस्तक. शब्द भारदस्त आहे, पण माझं लग्न जमवताना तो सासऱ्यांना समजावून सांगताना वडिलांची दमछाक झाली होती. शेवटी ते म्हणाले, "पोलिसात हाय. कुत्रा धरतो." सासऱ्यांनी विचारलं, "नगरपालिकेचे लोक धरतात तसा?" मुलगी दिली, पण हा गैरसमज सासरी बरीच वर्षं टिकला.

निवृत्त झाल्यावर मी वैशाखऱ्याजवळच्या आमच्या गावी येऊन राहिलो. घरामागे थोडी भातखाचरं, त्यांच्यावर चढणीला भात न पिकणारा वरकस माळ. माळावर मोहाची झाडं, करवंदीच्या जाळ्या आणि भरपूर दगड. इथे मी शहरातल्या कुत्र्यांना हुंगायला देतो. धंदा एवढाच. लोक गाडीतून कुत्री आणतात, मी त्यांना लांब दोरी बांधून माळावर सोडतो. कुत्री हुंगतात, उकरतात, पेंढ्यात तोंड खुपसतात आणि संध्याकाळी परत जातात.

माझ्या खाचराच्या वरचं खाचर चिंतामणचं. आम्ही एका शाळेत होतो. त्याने पहिल्या दिवशी बांधावर उभं राहून सगळा प्रकार शांतपणे पाहिला.

"म्हंजे कुत्र्याला कुत्र्यासारखा वागू देतोस," तो म्हणाला, "आन त्याचे पैसे घेतोस?"

मी हो म्हटलं.

"आमच्याकडं चार हायेत," मग तो म्हणाला. "फुकट वागतात."

त्याचं बरोबर होतं. गावच्या कुत्र्याला हुंगायला माझी गरज नाही. पण जो कुत्रा तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्टने खाली येतो, ज्याच्या गळ्यातला पट्टा दर चार पावलांना ओढला जातो आणि ज्याला "छी, नाक घालू नको" एवढंच ऐकायला मिळतं, त्याचं काय? त्याच्या नाकाला कामच नसतं. रिकामं नाक आणि रिकामं डोकं यांचे उद्योग सारखेच असतात.

ज्यांनी कुत्रा पाळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एखाद्या दगडापाशी सकाळपासून कोण येऊन गेलं, त्यातलं कोण आजारी आहे, कोण माजावर आहे, कोण नवीन आहे, हे कुत्र्याला तिथे उभ्या उभ्या कळतं. आपल्याला एवढी माहिती काढायला चहाच्या टपरीवर अर्धा दिवस घालवावा लागतो आणि त्यातली निम्मी खोटी निघते. दुसरं म्हणजे, कुत्रा पळवला की दमतो असा लोकांचा समज आहे. पळवला की कुत्रा तगडा होतो. मग त्याला आणखी पळवावं लागतं आणि अखेर मालक दमतो. कुत्रा खरा दमतो तो हुंगून. अर्धा तास मन लावून हुंगलेला कुत्रा घरी जाऊन असा झोपतो की लोक मला फोन करून विचारतात, काही दिलं होतं का म्हणून.

माझी साधनंही फार नाहीत. पेंढ्याची एक रास असते, तिच्यात मी चिमूटभर सुकट टाकतो. एक फाटकी गोधडी असते, तिच्या वळकटीत भाकरीचे तुकडे घालतो. काही पालथी मडकी आहेत, त्यातल्या एकाखाली काहीतरी असतं. नियम एकच. कुत्रा हुंगत असताना माणसाने काही करायचं नाही. हा नियम कुत्र्यांना लगेच समजतो. माणसांना जमत नाही. कल्याणचे एक गृहस्थ आपल्या कुत्र्याला एका झुडपापाशी बराच वेळ रमलेला बघून अस्वस्थ झाले.

"तो काय शोधतोय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग तुम्ही कसले ट्रेनर?"

मला तरी हा नियम कुठे सोपा गेला? खात्यात कुत्र्याचं नाक सरकारी असतं. 'सर्च' म्हटलं की हुंगायचं आणि सांगितलंय तेच हुंगायचं. वाटेत कुठे शेणाचा पो आहे, कुठे रानमांजर येऊन गेलंय, त्याच्याशी ड्यूटीवरच्या कुत्र्याला कर्तव्य नसतं. माझी राणी नावाची कुत्री होती. हुशार आणि शिस्तीची. मुद्देमाल सापडला की जागच्या जागी बसायची आणि माझ्याकडे बघायची. शोध फसला, कुठेच काही सापडलं नाही, तर मी परतताना गाडीमागे गुपचूप एक चेंडू लपवायचो आणि तिला शोधायला लावायचो. कुत्र्याने रिकाम्या नाकाने घरी जायचं नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे, नाहीतर त्याचा कामावरचा विश्वास उडतो. माणसांसाठी खात्यात अशी काही सोय नव्हती. राणी निवृत्तीआधीच गेली. तिला नुसतं मनाला येईल ते हुंगत फिरताना मी कधी पाहिलं नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

आता साहेबाकडे येतो.

साहेब हा कुत्रा होता. लॅब्राडोर आणि गावठी यांच्यामधला कुठला तरी, तांबूस, रुंद डोक्याचा, एक कान कायम उलटा पडलेला. त्याला घेऊन आल्या वत्सलाताई. त्यांचे यजमान भातसानगरला धरणावर नोकरीला होते. कुत्र्याचं नाव त्यांनीच ठेवलेलं. जन्मभर साहेबांचं ऐकलं, आता एक साहेब आपलं ऐकेल, असा त्यांचा हिशेब. वत्सलाताईंनी सांगितलं की तो हिशेब काही जमला नाही, हाही साहेब कोणाचं ऐकत नसे. पण "साहेब, खाली बस" असं मोठ्याने म्हणण्यात यजमानांना फार समाधान होतं.

यजमान एका संध्याकाळी ड्यूटीवरून आले, चहा प्यायले आणि छातीत कळ येऊन गेले. धरणाच्या वसाहतीतलं सरकारी घर सोडावं लागलं. वत्सलाताई आणि साहेब शहापूरला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले. मुलगा सचिन, ठाण्याला नोकरी करणारा. वसाहतीत मोकळा फिरलेला कुत्रा तिसऱ्या मजल्यावर आला आणि त्याने घर फाडायला घेतलं. सोफा फाडला, चपला फाडल्या, नव्या कपाटाचं दार नखांनी ओरबाडून काढलं. दुपारी सगळी बाहेर असली की भुंकायचा. सोसायटीच्या लोकांनी दोनदा समज दिली. त्यात सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि बाळ घरी यायच्या आत कुत्र्याचं काहीतरी करणं भाग होतं. सचिनने उंबरमाळीकडे एक माणूस बघून ठेवला होता. तिथे त्याचं शेतघर होतं आणि राखणीला साखळीला बांधायला त्याला कुत्रा हवा होता.

हे सगळं वत्सलाताईंनी मला ओटीवर बसून एका दमात सांगितलं. त्या शहापूरहून किन्हवली, किन्हवलीहून सरळगाव आणि पुढे जीपने अशा आल्या होत्या. मागच्या सीटवरच्या लोकांनी साहेबाला शेजारी घ्यायला नकार दिला, म्हणून जीपवाल्याने त्याला पुढे आपल्याजवळ बसवलं होतं.

"भाऊ, तुमच्याबद्दल ऐकलं," त्या म्हणाल्या. "याला सुधरा. नायतर साखळीला जाईल तो."

"त्याच्यात बिघाड काय दिसत नाही," मी म्हणालो.

"सचिनला तसं वाटत नाय."

"आणि तुम्हाला?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "माझ्याकडं आता हाच हाय, भाऊ. पोरगा चांगला हाय, सून चांगली हाय. पण सकाळी उठल्यावर माझ्याकडं बघतो असा हाच हाय."

माझी बायको सुमन चहा घेऊन बाहेर आली होती. तिने हे ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "दर रविवारी या." माझ्या धंद्याचे बरेचसे निर्णय असेच होतात.

तेव्हापासून दर रविवारी साहेब येऊ लागला. पहिल्या रविवारी त्याने माळावर पाय ठेवला आणि नाक खाली घातलं ते दुपारी जेवायलाच वर काढलं. वत्सलाताई दोरी धरून मागे. त्यांना सवय "चल, चल" म्हणून ओढायची. मी सांगितलं, ताई, साहेब हुंगतोय, थांबा. त्या थांबल्या. तो एका दगडाभोवती फिरत राहिला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "अशी नुसती उभी मी कधी राहिलेच नाय." आणि मग त्यांना ते आवडायला लागलं. दोघांना एकदमच विश्रांती मिळत होती.

भाद्रपदात मात्र साहेबामुळे माझी आणि चिंतामणची शाळेपासूनची मैत्री धोक्यात आली. पीक पोटरीवर आलेलं, खाचरात पाणी हवंच अशी वेळ. साहेब बांधाजवळून चालला होता. तो थबकला, नाक चिखलात घातलं आणि दोन्ही पंजांनी असा उकरायला लागला की मी दोरी ओढेपर्यंत बांधाला खिंडार पडलं. चिंतामणच्या खाचरातलं पाणी खळखळ करत माझ्या खाचरात यायला लागलं.

चिंतामण धावत आला. त्याच्या आजोबांचं आणि माझ्या आजोबांचं याच बांधावरून हाडवैर होतं. दोघंही रात्रंदिवस एकमेकांवर नजर ठेवून असत, कोण बांध कोरतोय म्हणून. आमच्या भागात माणसं जमिनीसाठी भांडत नाहीत, बांधासाठी भांडतात. जमीन काय, ती असतेच.

"म्हंजे हा धंदा हाय तुजा!" चिंतामण ओरडला. "कुत्र्याकडनं बांध कोरून घेतोस! पोलिसात हेच शिकवलं काय रे?"

"अरे, त्याला बांध काय माहीत?"

"त्याला नाय, तुला माहीत हाय! पानी कुनाच्या खाचरात गेलं? सांग ना, कुनाच्या गेलं?"

पाणी माझ्या खाचरात गेलं होतं, हे नाकारण्यासारखं नव्हतं. वत्सलाताई घाबरून म्हणाल्या, "दादा, चूक आमच्या साहेबाची हाय." चिंतामणला यातलं काही माहीत नव्हतं. "साहेब कोन?" तो म्हणाला. "तलाठीसाहेबानं सांगितलं व्हय?" प्रकरण वाढलं असतं, पण तेवढ्यात साहेबाने त्या खिंडारात पुन्हा तोंड घातलं आणि केकाटून मागे उडी मारली. त्याच्या ओठाला खेकडा लटकलेला. चांगला पंजाएवढा.

मग आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. खेकड्याचं बीळ बांधातून आरपार गेलेलं होतं आणि जुनं होतं. चिंतामणचं पाणी गेली कित्येक वर्षं तिथून हळूहळू माझ्याकडे झिरपत होतं. त्याला वाटायचं जमीन पाणी धरत नाही. मला वाटायचं आपली जमीन चांगली आहे. आम्ही दोघांनी मिळून चिखल आणि दगड घालून बीळ बुजवलं. खेकडा चिंतामणने पुराव्यादाखल घरी नेला आणि संध्याकाळी त्याचा रस्सा झाला. पुढच्या रविवारी तो साहेबाला सगळे बांध दाखवायला न्यायला आला. मी नाही म्हणालो. या कुत्र्याला कामाला लावायचं नाही, त्याला नुसतं हुंगू दे. "तुजा धंदा मला कधीच समजणार नाय," चिंतामण म्हणाला.

तोवर सचिनचा फोन आला. आवाज बराच मवाळ होता. "काका, फरक पडलाय. सोफ्याकडं आता बघत नाय. चपला सोडल्या. पण कपाट काय सोडत नाय. आता तर जास्तच. उभा राहून भुंकतो कपाटाकडं बघून. खालचे लोक वर आले काल. आणि हिला पुढच्या पंधरवड्यात आणायचंय. मी उंबरमाळीवाल्याला हो म्हणून सांगतोय."

मी म्हटलं, आधी मला येऊन बघू दे.

शहापूरला गेलो. कपाट मोठं, नवं, भिंतीला स्क्रूने पक्कं केलेलं. खालच्या दाराच्या एका कोपऱ्यात लाकूड दिसेपर्यंत ओरखडे. बाकी कुठे एक नखसुद्धा लागलेलं नाही. हे बघून मी माझ्या अनुभवाच्या जोरावर छातीठोकपणे सांगितलं की मागे उंदीर आहे. सचिनने सुतार बोलावला. स्क्रू काढले, तिघांनी मिळून कपाट पुढे ओढलं. मागे एक कंगवा सापडला आणि भिंतीचा तो भाग बिल्डरने रंगवलेलाच नाही, हे कळलं. उंदीर नव्हता. सुताराने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

कपाट पुन्हा जागेवर गेलं. साहेब लगेच त्याच कोपऱ्याशी जाऊन उभा राहिला. मी सचिनला दार उघडायला सांगितलं. खालचा कप्पा वत्सलाताईंचा होता. घडी केलेली लुगडी, एक शाल, रग, आणि मागे पत्र्याचा एक डबा. साहेबाने लुगड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डब्याला नाक लावलं आणि थिजला. शेपटी मात्र संथ हलत होती.

"त्यात ब्लाउजपीस हायेत," वत्सलाताई म्हणाल्या.

सचिनने मान डोलावली आणि दार लावायला घेतलं. ब्लाउजपीसच्या डब्याकडे कुठल्याही घरातला पुरुष दुसऱ्यांदा बघत नाही. पण डब्यात काय आहे, हे कोणी विचारलंच नव्हतं. नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. कुत्रा एका जागी थांबला की कुत्र्याकडे बघायचं नसतं, आजूबाजूच्या माणसांकडे बघायचं असतं. वत्सलाताई एवढं बोलून स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी चहा ठेवला. चहा आम्ही नुकताच प्यायला होता.

आमच्या कामात एक पक्का दंडक होता. कुत्र्याने दाखवलेलं वर कळवायचं, लगेच आणि जसंच्या तसं. ते खरं की खोटं, कोणाच्या अंगाशी येणार, हे ठरवणारे आपण नव्हे. तो दंडक मी नोकरीभर पाळला.

"काय निघालं, काका?" सचिनने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "पॉलिशचा वास असतो. एखाद्याला चढतो. मी जरा साहेबाला खाली फिरवून आणतो. ताई, तुम्ही पण चला."

आम्ही भारंगी नदीच्या पुलाकडे निघालो. साहेब पुढे हुंगत, आम्ही मागे थांबत थांबत. शेवटी त्याच बोलल्या.

"शर्ट हाय त्यांचा."

"हं."

"ते गेल्यावर पुण्यानुमोदन केलं, तवा सगळे कपडे देऊन टाकले. ठेवायचे नसतात, सगळी म्हनाली. मी पण दिले. पन त्या दिवशी ड्यूटीवरनं येऊन काढून ठेवलेला, तो खुंटीलाच राहिला होता. घामाचा. धुवायचा होता. मी धुतला नाय." त्यांनी दोरी हाताभोवती गुंडाळली. "पिशवीत घातला, डब्यात घातला. सचिनला नका सांगू भाऊ. त्याला वाटंल, आई अजून रडते. मी रडत नाय. कधीतरी झाकण उघडते, वास घेते, परत लावते. बस."

"साहेब समोर असतो तेव्हा?"

"तो कुटं नसतो?"

आता सगळं सरळ होतं. त्याचा धनी एका संध्याकाळी गेला आणि परत आला नाही. घर बदललं. नव्या घरात एकाच ठिकाणी त्याचा वास येतो आणि तिथे दार लावलेलं असतं. कोणी झालं तरी ओरबाडेलच.

"पन डबा घट्ट हाय, भाऊ."

"आपल्यासाठी घट्ट आहे, ताई."

मग मी त्यांना माझ्या धंद्यातलं जे माहीत होतं ते सांगितलं. जे शोधलं ते मिळालंच नाही तर कुत्र्याचं डोकं फिरतं. साहेबाला ते मिळायला हवं. शर्ट बाहेर काढायचा, घरात कुठेतरी लपवायचा, त्याला शोधू द्यायचा, सापडला की शाबासकी द्यायची, थोडा वेळ त्याच्याजवळ राहू द्यायचा आणि गोडीने परत घ्यायचा. रोज. खेळ म्हणून. कपाटाशी मग त्याचं काही काम उरणार नाही.

त्यांनी लगेच विचारलं, "वास राहील त्याच्यात?"

"नाही. रोज हाताळला की तुमचा लागेल, त्याचा लागेल, फरशीचा लागेल. हळूहळू जाईल."

"आन डब्यात ठेवला तर?"

"डब्यात टिकेल. बरंच टिकेल."

"आन साहेब?"

उंबरमाळी काही लांब नव्हती.

मला सुचलं म्हणून मी म्हणालो, एक बाही कापून त्याला देऊ या, बाकीचा तुमच्याकडे राहू दे. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला आपण काय बोललो ते कळलं.

"भाऊ, त्यांचे तुकडे करू व्हय मी?"

साहेब एका विजेच्या खांबाशी रेंगाळला होता. आम्ही थांबलो. तो खांबाची एक बाजू हुंगायचा, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. आम्हाला घाई नव्हती. वत्सलाताई दोरी सैल धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या म्हणतील, राहू द्या, जाऊ द्या त्याला उंबरमाळीला. आणि तसं म्हणाल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता.

"खेळू दे त्याला," त्या म्हणाल्या.

घरी गेल्यावर त्यांनी माझ्यादेखतच डबा काढला आणि सचिनच्या पुढ्यात पिशवी ठेवली. "बाबांचा शर्ट हाय," म्हणाल्या. "मी ठेवला होता. साहेब त्यालाच शोधत होता." सचिन उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ कपडे वाळत घालायच्या दोरीला धरून उभा राहिला. मला वाटलं, आपण निघावं. मग तो आत आला, डोळे पुसलेले दिसत होते, आणि म्हणाला, "कुठं लपवायचा, काका?"

पहिल्या दिवशी गादीखाली लपवला. साहेबाला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्याने शर्ट तोंडात धरून बाहेर ओढला, खाली टाकला, त्याच्यावर हनुवटी ठेवली आणि एक लांब उसासा सोडून पडून राहिला. शाबासकी द्यायची असते, हे मी सांगून ठेवलं होतं. तिघांपैकी कोणाला ते जमलं नाही.

कपाट त्या आठवड्यात सुटलं. पुढे सचिन कामावरून आला की लपवायचं काम तोच करायला लागला. मिक्सरच्या खोक्यात, चपलांच्या रॅकमागे, एकदा म्हणे बाळाच्या पाळण्याखाली. बाळ आलं, साहेबाने त्याला एकदा नीट हुंगून घेतलं आणि घरचा माणूस म्हणून मान्य केलं. उंबरमाळीच्या माणसाला सचिनने नाही कळवलं. तो फार नाराज झाला म्हणे.

या वर्षी भाताची झोडणी आटोपल्यावर वत्सलाताई पुन्हा साहेबाला घेऊन आल्या. मी पेंढ्याची नवी रास केली होती. त्यांनी पिशवीतून शर्ट काढला आणि म्हणाल्या, आज इथं लपवू. शर्टाची कॉलर उसवली होती, खिसा लोंबत होता. त्यांनी तो राशीत खोल कोंबला आणि साहेबाला सोडलं.

"आता मला त्याच्यात काय नाय येत, भाऊ," त्या म्हणाल्या. "सकाळी घेऊन बघितला. साहेबाचा वास येतो, बाळाच्या तेलाचा येतो. त्यांचा नाय येत."

"मग खेळ बंद करायचा का? आता त्याला दुसरी कुठलीही चिंधी चालेल."

"दिली होती सचिनने. दुसरा जुना शर्ट. बघितला पन नाय त्यानं." पेंढा उडत होता, साहेबाचं शेपूट तेवढं बाहेर दिसत होतं. "हाच काढतो बरोबर. म्हंजे मला नाय आला तरी त्याला येतोय. येतोय ना, भाऊ? तुमाला कळतं त्यातलं."

मी कोर्टात पुष्कळ साक्षी दिल्या आहेत. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते कधी सांगितलं नाही, आणि कुत्र्याच्या नाकात काय चालतं ते कोणी पाहिलेलं नाही. साहेब राशीतून बाहेर आला. शर्ट तोंडात होता. तो सरळ त्यांच्याकडे चालत आला.

"येतोय ना, ताई," मी म्हणालो. "चांगला येतोय."